चिमणीच्या नावातला ए

आमच्या ऑफिसात दाराशी वेब सर्व्हर एकच आणि आत आम्हा पाच जणांचे पाच ॲप्लिकेशन सर्व्हर. ज्याचं काम त्याच्या सर्व्हरवर. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला आपलं टोपणनाव टाकायचं. वेब सर्व्हर माझ्या नावांच्या फाइलीत ते नाव शोधतो आणि रिक्वेस्ट, म्हणजे पानाची मागणी, त्या माणसाच्या सर्व्हरकडे धाडतो. नाव सापडलं नाही, तर माझ्याकडे. ही सोय मीच केलेली, आणि मला तिचा भारी तोरा होता.

नवी मुलगी आली, अंगाने एवढीशी, म्हणून पहिल्याच दिवशी तिची चिमणी झाली. मी तिच्यासाठी सहावा सर्व्हर उभा केला, फाइलीत तिची ओळ घातली आणि तिला तासाभराचं काम दिलं: अर्जाच्या पानावर 'जतन करा' हे बटण बसवायचं. तिला ठेवायचं की नाही, ते पुढच्या शुक्रवारी मी साहेबांना सांगायचं होतं.

आठ दिवस झाले, तरी बटण दिसेना.

"ताई, मी बदल करतेय, पण पानावर काही येतच नाहीये."

"सेव्ह करतेस ना?" हा प्रश्न मी तिला रोज विचारला, आणि रोज जरा चढ्या आवाजात. त्यात कोणीतरी दिवसभर माझ्या सर्व्हरवर धडाधड रिक्वेस्ट पाठवत होतं, त्यामुळे माझं डोकं आधीच उठलेलं. असे उद्योग पानं तपासणाऱ्या आमच्या टेस्टरचेच, म्हणून तो राग मी त्याच्यावर काढला. तो बिचारा 'मी नाही' म्हणून शपथा घेऊन थकला.

गुरुवारी दुपारी चिमणी माझ्या टेबलाशी आली. "ताई, मला नाही जमणार हे. उद्या तुम्हाला वाईटपणा नको, म्हणून मीच लिहून आणलंय."

हातात राजीनामा.

"बस इथे," मी म्हणाले. "माझ्यासमोर पत्ता टाइप कर."

तिने केला. इंग्रजीत 'चिमणी' लिहिताना मी 'म'नंतर ए घातला होता, कागदावर वाचतो तसा. तिने तो खाल्ला, आपण सगळे बोलताना खातो तसा. ते नाव फाइलीत नव्हतंच, म्हणून तिला दिसत होतं ते माझ्या सर्व्हरवरचं पान. आठ दिवस माझं दार ही पोरगी ठोठावत होती, आणि मी टेस्टरवर खेकसत होते.

मी गुपचूप तिच्या स्पेलिंगची ओळ घातली आणि वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला. "आता बघ."

पान उघडलं. 'जतन करा', 'जतन करा', 'जतन करा'... एकाखाली एक अकरा बटणं! एक दिसलं नाही, की ती वेगळ्या पद्धतीने दुसरं बसवत गेली होती. तिने एकेक दाबून पाहिलं. अकराही चालत होती.

ती हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मला ती इतकी आवडली, की स्वतःचीच लाज वाटली. "चूक माझी होती गं," मी म्हणाले आणि तिच्या हातातला कागद काढून घेतला.

शुक्रवारी साहेबांनी भुवया उंचावल्या. "आठ दिवसांत एकच बटण?"

"अकरा," मी म्हणाले. "आणि ती कोणाला दिसू नयेत, ही व्यवस्था माझी."