गच्चीचं कुलूप

द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीची गच्ची घरमालक कुंदनशेठनी नवी केली, चकचकीत फरशी बसवली आणि मग भाडेवाढीच्या संमतीचा कागद फिरवला. माझं डोकंच फिरलं. "नव्या कायद्यात काम काढण्याआधी विचारायचं असतं, शेठ. विचारलं असतंत तर सही केली असती. आता नाही!" बाकी भाडेकरूंनीही नकार दिला. शेठनी रागाने गच्चीला कुलूप ठोकलं.

चैत्रात त्यांच्या बायकोने, दीपमालावहिनींनी, गच्चीला आतून कुलूप घालून वर कुरडयांचा चीक शिजवला. दरवर्षी आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या कुरडया घालायला जातो. यंदा कोणीच फिरकलं नाही. कुलपातून जाणार तरी कशा? गार चिकाची कुरडई पडत नाही, म्हणून वहिनींनी सोऱ्या शेठच्याच हातात दिला.

थोड्याच वेळात शेठ कुलूप काढून घामाघूम होऊन माझ्या दारात आले. "उज्वलाताई, सगळ्यांना घेऊन वर या हो. माझे हात गळून गेले."

"येतो की! कागदही आणा, सही करते," मी म्हणाले. "फक्त खाली एक ओळ वाढवा. दरवर्षी आमच्या कुरडयांचा सोऱ्याही मालकांनीच दाबायचा."