पेराएवढं मलम

"अगं, एवढं कशाला पिळतेस? भिंत रंगवायची आहे का?"

"आई, तू गप्प बस बरं. पाठ तुझी आहे, तुला दिसत नाहीये."

"दिसायला कशाला हवं? थंडगार गोळा पडला की कळतं ना पाठीला."

लेक हसली. वय झालं की कातडी कोरडी पडते, आणि नेमकी जिथे हात पोचत नाही तिथेच खाजते, म्हणून आंघोळीनंतर लेक असली घरी तर आईच्या पाठीला मलम लावून देई. आज तिने हातावर भलामोठा गोळा घेतला होता.

"मग किती घेऊ?"

"पहिल्या बोटाच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत. एक पेर. तेवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा होते."

"हे कुणी ठरवलं?"

"डॉक्टरांनी. आणि तुझ्या आजीने त्यात घोळ घातला."

लेकीला ही गोष्ट ठाऊक होती, तरी ती म्हणाली, "सांग ना." आणि पाठीवर बोटं फिरू लागली तशी आई खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून, त्या दिवसांत जाऊन बसली.

तेव्हा ती या घरात नवी होती. सासूबाई कमी बोलणाऱ्या, देवाचं करणाऱ्या, आणि काही झालं तरी खोटं न बोलण्याचा नेम पाळणाऱ्या. तिला त्यांची एकच गोष्ट टोचायची. त्या कुणाला काही हातात देत नसत. चहाचा कप टेबलावर ठेवायच्या आणि बोटाने पुढे सरकवायच्या. किल्ली मागितली तर किल्ली खुंटीवर अडकवायच्या आणि म्हणायच्या, "घे तिथली." पहिले काही महिने तिला वाटलं, ही घमेंड आहे. नवऱ्याकडे तिने कुरकुर केली तर तो म्हणाला, "तिचं पहिल्यापासून तसंच आहे," आणि पेपरात तोंड घातलं.

मग एकदा सासूबाई कपडे बदलत असताना दार अर्धवट उघडं राहिलं, आणि तिला त्यांची पाठ दिसली. मोठमोठे लालसर चट्टे, त्यांवर चांदीसारखे पापुद्रे. कोपरांवर तेच, हातांच्या पाठीवर तेच. म्हणून तर त्या उन्हाळ्यातही लांब बाह्या घालत आणि हात पदराआड ठेवत. नखं तर तिने पहिल्यांदाच नीट पाहिली. पिवळट, जाड, आणि शिवणकामाच्या अंगुस्तानासारखी बारीक बारीक खळगे पडलेली.

"बघितलंस?" सासूबाई वळूनही न बघता म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांखेरीज घरात कुणी माझी पाठ बघितली नव्हती. आता माहेरी सांगशील."

"अहो आई, सांगेन कशाला? दवाखान्यात जाऊ."

"दवाखाने झाले. मलमं झाली. काढे झाले. देवाने दिलंय ते देवच नेईल."

पण तिने हट्ट सोडला नाही. मोठ्या इस्पितळाच्या त्वचाविभागात सोरायसिसवरच्या एका नव्या मलमाचा अभ्यास सुरू होता, आणि त्यांना त्वचा आणि नखं दोन्हींवर आजार असलेली माणसं हवी होती. तिथले डॉक्टर उंच, थोडे वाकलेले. त्यांची एक गंमत होती, ते माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. आधी हात हातात घ्यायचे, नखांवरून भिंग फिरवायचे आणि नखांशीच बोलायचे. "बरीच वर्षं झाली वाटतं," असं ते सासूबाईंच्या अंगठ्याला म्हणाले. सासूबाईंनी हात मागे ओढला. त्यांचा हात असा सहज कुणी धरला नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मलम दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. काहींच्या ट्यूबमध्ये औषध असेल, काहींच्या ट्यूबमध्ये नुसतं मलम. कुणाला काय मिळालंय ते त्यांनाही ठाऊक नाही, तसं असेल तरच खरं उत्तर मिळतं. पाठीला लावायला घरातलं एक माणूस हवं.

"मी लावीन," ती म्हणाली. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. डॉक्टरांनी ते विचारून घेतलं आणि सांगितलं, या मलमाचा बाळाला काही धोका नाही. हातमोजे नकोत, लावून झालं की हात स्वच्छ धुवायचे.

"मलमाचा नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पण माझ्या कातडीचा?"

"आजी, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवून नाही, चोळून नाही, एका ताटात जेवूनही नाही."

सासूबाईंनी मान हलवली. पण ती मान पटल्याची नव्हती, मोठ्या माणसाचा मान राखायची होती.

खोलीत एक सिस्टर होती. तिच्यापुढे एक छोटा तराजू. दर खेपेला वापरलेली ट्यूब आणायची, सिस्टर ती तोलणार, किती मलम गेलं ते बघणार. सासूबाईंनी तिचं नाव त्याच दिवशी ठेवलं, तराजूवाली. तिनेच ते पेराचं माप शिकवलं. आणि तिनेच सासूबाईंच्या अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, बारीक कानशीने एक खाच पाडली.

"ही खूण नखाबरोबर पुढे सरकेल. तिच्या मागून जे येईल ते नवं नख. ते गुळगुळीत आलं तर समजायचं, औषध नखाच्या मुळापर्यंत पोचतंय. खूण टोकाला पोचली की अभ्यास संपला."

"आणि त्याला किती वेळ?"

"सहाएक महिने. नख काही आपल्यासाठी घाई करत नाही, आजी."

घरी येताना सासूबाई सारख्या अंगठ्याकडे बघत होत्या, मनातल्या मनात कसला तरी हिशेब करत होत्या. तिला वाटलं, खाच दुखतेय.

मग तो नेम सुरू झाला. सकाळी सासूबाईंचं देवाचं आटोपलं की खोलीचं दार लोटायचं, खिडकीकडे तोंड करून त्या स्टुलावर बसायच्या, आणि ती बोटावर पेरभर मलम घ्यायची. पहिल्या दिवशी बोट टेकताच सासूबाईंचं सगळं अंग आक्रसलं.

"थंड लागतंय का?"

"थंड नाही गं. सवय नाही."

पाठ नि कोपर ती करायची. हातांचं नि नखांचं मलम सासूबाईंच्या तळव्यावर पिळून द्यायची. ते त्या स्वतः चोळत. "हात काय, हाताला हात पोचतो," म्हणायच्या. "तू जा, हात धू. साबणाने धू. पुन्हा एकदा धू."

ज्या बाईने वर्षभरात मोजून मापून शब्द वापरले, ती बाई पाठ करून बसली की बोलायला लागायची. समोर तोंड नव्हतं म्हणून असेल. शाळेत कुणी त्यांच्या शेजारी बाकावर बसत नसे ते सांगितलं. मुलगा झाला तेव्हा नणंदेने म्हटलं, बाळाला हात लावू नकोस, त्यालाही होईल; आणि त्यांनी खरंच पुष्कळ दिवस मुलाला दुपट्यात गुंडाळल्याशिवाय उचललं नाही. "माझ्या पोराच्या अंगाला माझा उघडा हात कितीसा लागला असेल," असं त्या एकदा म्हणाल्या आणि लगेच, "झालं का? किती चोळतेस, मी काय पितळेचं भांडं आहे?"

त्या दिवशी तिला टेबलावरून सरकणाऱ्या कपाचा अर्थ कळला.

पाठीला गुण यायला लागला. पापुद्रे गेले, लाली उतरली, कोपर मऊ झाले. सासूबाईंना पाठ दिसत नसे म्हणून तिने दोन आरसे धरून दाखवली. "ही माझी?" त्या म्हणाल्या. "चांगली आहे की."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीसारखे निळ्या कापडावर हात पसरून ठेवायला सांगितले, भिंग घेतलं आणि एकेक नख दोनदा तपासलं. खाच नखाच्या मध्यापर्यंत आली होती. पण तिच्या मागून आलेलं नवं नखही तसंच, खळग्याखळग्यांचं. हातांवरचे चट्टे जिथल्या तिथे.

"ट्यूब?" त्यांनी सिस्टरला विचारलं.

"वजन बरोबर आहे, सर. जेवढं जायला हवं तेवढंच गेलंय."

"पाठ बरी, कोपर बरे आणि हात जसेच्या तसे." डॉक्टरांचा आवाज पडला. "म्हणजे हातांवर आणि नखांवर हे औषध चालत नाही, असं लिहावं लागणार. नखांचं तर कुणाकडेच धड औषध नाही. फार आशा होती."

तराजूवाली मात्र सासूबाईंकडे बघत होती. "आजी, हातांना कोण लावतं?"

"मीच."

"लावता ना?"

सासूबाईंचा खोटं न बोलण्याचा नेम. मग त्यांनी पिशवीत हात घातला, घरी कुणाला सापडू नये म्हणून जवळच बाळगलेली, रुमालात बांधलेली एक स्टीलची डबी काढली आणि टेबलावर ठेवून, बोटाने, पुढे सरकवली.

डबी मलमाने काठोकाठ भरली होती. वरून बोटाने सारखंही केलं होतं.

"अहो आई!" ती ओरडलीच.

"ओरडू नकोस, तुला चांगलं नाही." सासूबाई निळ्या कापडाकडे बघून बोलत होत्या. "नखावर खूण केली तेव्हाच मी हिशेब केला. खूण टोकाला पोचणार, तुमचा अभ्यास संपणार, मलम बंद. आणि बाळ येणार त्यानंतर. आत्ता हात बरे होऊन काय करायचेत मला? तेव्हा बरे हवेत. बाळ घ्यायला. म्हणून हातांचं साठवलं."

मग सिस्टरने डबीतलं मलम काचेच्या पेल्यात काढून तराजूवर ठेवलं, कारण तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. "आजी, आणि तुमच्या वाट्याला नुसतं मलमच आलेलं असलं तर?"

"तर नशीब माझं. पण मग पाठीवरचं कसं गेलं गं?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा नखं सोडून सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. "आजी, तुमच्या हातांवरून मी लिहिणार होतो की हे औषध हातांना चालत नाही. मग पुढे कुणीच ते हातांना दिलं नसतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला..."

"हो."

"मग काढून टाका मला. चूक माझी आहे."

तिला वाटलं, संपलं. आता मलम बंद, म्हणजे बाळ येईल तेव्हा पाठही पुन्हा पहिल्यासारखी. पण डॉक्टर म्हणाले, "काढायचं नाही आणि लपवायचंही नाही. जे झालं ते जसंच्या तसं नोंदवायचं आणि पुढे नीट चालू ठेवायचं. आजपासून हातांनाही सूनबाईच लावतील."

निघताना सासूबाई दारात थांबल्या. "तराजूवाले, डबी माझी आहे हो. रिकामी का होईना, परत दे."

त्यानंतर स्टूल फिरलं. हातांना लावायचं म्हणजे समोरासमोर बसायला हवं. ती त्यांचं एकेक बोट धरून नखाच्या मुळाशी मलम जिरवायची आणि सासूबाई दुसरीकडे बघत राहायच्या. समोर तोंड असताना बोलायची सवय व्हायलाही बरेच दिवस लागले. हळूहळू चट्टे फिके झाले. नखाच्या मुळाशी चंद्रकोरीएवढा एक गुळगुळीत पट्टा दिसू लागला. "येतंय," सासूबाई रोज उजेडात धरून बघायच्या. "पण फार सावकाश येतंय. खूण माझ्यापुढे पळतेय."

आणि मग बाळानेच घाई केली. खाच अजून टोकाला पोचायची होती, अभ्यास संपायचा होता, आणि लेक जगात आली. इवलीशी, पण ठणठणीत, देवाची दया.

नवरा त्याच्या आईला इस्पितळात घेऊन आला. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, शालीखाली दोन्ही हात लपवून. चट्टे जवळजवळ गेले होते, पण नखं अर्धी नवी, अर्धी जुनी होती.

"आई, घ्या ना तिला."

"इथूनच दिसतेय. नाक तुझं घेतलंय, बरं झालं."

"अहो आई, जवळ या."

"अजून अर्धी नखं तशीच आहेत गं. होऊ दे पुरती. मी कुठे पळून चाललेय?"

ती थकली होती, तिला वाद घालायचा नव्हता. तिने नुसता आपला हात पुढे केला, रोज सकाळी करायची तसा. सवयीने सासूबाईंचा हात शालीतून बाहेर आला आणि तिच्या हातात पडला.

"इतके महिने तुमची पाठ, कोपर, बोटं चोळली ती याच हातांनी ना? आणि जन्मल्यापासून हिला घेतलंय तेही याच हातांनी. मग आता तुमचा हात तिला लागायचा राहिलाय कुठे?"

सासूबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं. उलटून तळवा बघितला, पुन्हा पालथा करून नखं बघितली, अगदी डॉक्टरांसारखी. त्यावर काहीच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं जे इतके महिने त्यांच्या कानाच्या आत गेलं नव्हतं, ते त्या हाताकडे बघून आत गेलं असावं.

"वकिली कुणी शिकवली तुला?" त्या म्हणाल्या.

मग शाल खुर्चीवर गेली, बाह्या वर सरकल्या, आणि दुपटं बाजूला सारून सासूबाईंनी नातीला उघड्या हातांनी उचललं. नवरा खिडकीशी उभा होता. तो आपल्या आईच्या हातांकडे असा बघत राहिला, की तिला नजर वळवावी लागली.

घरी आल्यावर पहिला चहा सासूबाईंनी केला. कप घेऊन आल्या, टेबलाशी थबकल्या, आणि मग तो तिच्या हातात दिला. कप गरम होता, दोघींची बोटं त्याच्याभोवती एकत्र भाजली.

"झालं. पाठ संपली," लेक म्हणाली. "आणि नखं? ती पुरती बरी झाली का?"

"पुष्कळशी. मधून मधून एखादं पुन्हा बिघडायचं. पण मग आजीने ती कधी झाकली नाहीत."

आता सासूबाई नाहीत. ती डबी आहे, शिवणाच्या सामानात, तिच्यात टाचण्या असतात. लेकीच्या बोटावर थोडं मलम उरलं होतं. ते कुठे पुसावं म्हणून ती इकडेतिकडे बघत होती.

"टाकू नकोस ते," आई म्हणाली, आणि वळून तिच्यासमोर आपले दोन्ही हात पसरले. "नखांना लाव."