महाराज, आ करा!

वेळबंदरच्या मत्स्यमहोत्सवात त्या रविवारी सर्वांत लांब रांग लागली होती ती मासे न खाणाऱ्यांची. एका बाजूला कोळणींचे बावीस स्टॉल, तव्यावर चुरचुरणारी सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, कोलंबीचा भात. आणि दुसऱ्या बाजूला भगव्या मंडपासमोर उन्हात तिष्ठत असलेले, पुण्याहून पाच-सहा तास गाडी हाकत आलेले दोन-तीनशे लोक. साबुदाण्याच्या खिचडीपलीकडे सकाळपासून त्यांनी कशाला तोंड लावलं नव्हतं. मंडपावर फलक होता : 'परमपूज्य समुद्रनाथ महाराज. मुतखडामुक्ती शिबिर. चिरफाड नाही, टाके नाहीत, रजा नाही.' त्यातलं शेवटचं खास खराडी-हिंजवडीच्या आयटीवाल्यांसाठी होतं.

या रांगेत रविराज आपल्या वडिलांना घेऊन उभा होता. खराडीतल्या एका कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या हे त्याचं काम, आणि त्यात तो इतका तरबेज, की प्रोग्रॅम लिहिणारे त्याला पाहून कॅन्टीनमधलं टेबल बदलत. पण ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावससासूचा खडा समुद्रनाथांनी काढल्याचा ई-मेल आला, तेव्हा या गृहस्थाने त्यातली एकही चूक न शोधता तो चाळीस जणांना पुढे पाठवला.

त्याला कारण होतं. नानांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी बारा मिलिमीटरचा खडा अडकला होता. सोनोग्राफी दाखवून डॉक्टर म्हणाले होते, "लघवी अडते आहे, किडनी सुजली आहे. आणखी दोन महिने काढलेत तर ती कामातून जाईल." ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं होतं. मांजरी गावातली सगळी उसाची जमीन बिल्डरच्या हवाली करताना नानांची सही जराही थरथरली नव्हती; ऑपरेशनच्या कागदावर मात्र त्यांना घाम फुटला. आणि बापाला घाबरलेलं पाहून मुलगा दुप्पट घाबरला.

रविराजची बायको शेफाली सोबत होती. "मी महोत्सवाला येते आहे, महाराजाला नाही," असं तिने निघतानाच बजावलं होतं. सकाळी तिने सासऱ्यांना डॉक्टरांची वेदनाशामक गोळी दिली होती, तेवढाच तिचा या तीर्थयात्रेत सहभाग.

समुद्रनाथ महाराज व्याघ्रचर्मावर बसले होते. चर्मावर 'मेड इन चायना'ची पट्टी होती, पण ती मागच्या बाजूला.

"तुमच्या मोबाइलमधलं गाणं मित्राच्या मोबाइलात जातं," महाराज माइकवरून विचारत होते, "मध्ये तार दिसते का?"

"नाही!" रांग ओरडली.

"त्याला काय म्हणतात?"

"ब्लूटूथ!"

"मग गाणं जातं, तर खडा का येणार नाही? ही विद्या आपल्या ऋषींची. परदेशी कंपन्यांनी त्यात फक्त बॅटरी घातली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत इंजिनीअरच अधिक होते.

नियम तीन होते. खडा निघेपर्यंत मत्स्याहार वर्ज्य. वेळबंदरच्या रहिवाशांना प्रवेश नाही, कारण 'समुद्रकाठच्या माणसाला ही विद्या लागू पडत नाही'. आणि काढलेला खडा लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवायचा, सव्वा महिना उघडायचा नाही.

नानांचा नंबर आला. एका जाड्या शिष्याने कमंडलू पुढे केला, महाराजांनी त्यातलं तीर्थ तोंडात घेतलं आणि ते मौनात गेले. मग नानांच्या कमरेला पितळी नळी लावून त्यांनी जोराने ओढलं, डोळे पांढरे केले, आणि पुढ्यातल्या थाळीत टण्णकन एक पांढराशुभ्र खडा पडला.

"निघाला!" नाना ओरडले. "रव्या, लेका, निघाला! काडीचं दुखत न्हाई बघ!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रविराजच्याही आलं.

मंडपाबाहेर येताच नाना म्हणाले, "दवाखान्यात फोन लाव. उद्याचं रद्द."

"नाना, आधी एकदा सोनोग्राफी तरी करून बघू या," शेफाली म्हणाली.

"अगं, खडा हातात हाय माझ्या! आता फोटो कशाचा काढायचा?"

रविराजने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, तारीख विचारली, कारण विचारलं.

"खडा निघाला."

"कुठून?"

"कमरेतून."

"बरं," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आता जेवायला हरकत नव्हती. तिघे द्वारकाबाईंच्या स्टॉलवर बसले. द्वारकाबाई पन्नाशीची कोळीण, एका हाताने तवा सांभाळत दुसऱ्या हाताने कोयतीवर मासे कापत होत्या. नानांनी सव्वा महिन्याचं व्रत दहा मिनिटं पाळलं. नवी वस्तू गावाला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी फडकं सोडलं.

"बाई, हे बघा! माझ्या पोटातनं काढलं. बिगर ऑपरेशन!"

द्वारकाबाईंनी खडा चिमटीत धरला, उजेडात फिरवला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "अवो नाना, हा ढोम्याच्या डोक्यातला दगड हाय."

"कोण ढोमा?"

"मासा वो, मासा! बसा, दाखवते." त्यांनी टोपलीतलं एक डोकं घेतलं, कोयतीवर दुभागलं, आणि बोटाने दोन पांढरे खडे काढून ताटलीत ठेवले. नानांचा खडा शेजारी ठेवला. तिन्ही अगदी एका साच्यातले होते. तशीच चकाकी, एका अंगाला तशीच खाच.

ढोमा, घोळ या जातीच्या माशांच्या डोक्यात, कानाशी, असे दोन खडे असतात. ऐकायला आणि तोल सांभाळायला ते त्यांना लागतात. वेळबंदरमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पुण्याच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्याच्या ताटात मासा येतो तो डोकं उडवलेला, साफ केलेला, लिंबाची फोड लावलेला. समुद्रकाठचा माणूस मंडपात का चालत नव्हता, हे रविराजला आता कळलं.

"खोटं!" नाना गरजले. "हा माझ्या पोटातलाच हाय!"

"मग तुमच्या डोक्यात काय हाय ते बगावं लागेल," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांचा तो जाडा शिष्य रोज पाटी भरून ढोम्याची डोकी नेतो. नुसती डोकी. म्हणतो, महाराज भटक्या कुत्र्यांना घालतात. मी म्हटलं, बरं, पुण्य करतायत."

नाना उत्तर द्यायला गेले आणि त्यांचा हात डाव्या कमरेवर गेला. चेहरा पिळवटला. त्यांनी हात पटकन काढून घेतला, पण शेफालीने पाहिलं होतं.

"नाना, सकाळच्या गोळीचा अंमल उतरला," ती हळूच म्हणाली. "खडा आहे तिथेच आहे."

रविराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात कुणी 'चूक दुरुस्त झाली' म्हणालं, की पुन्हा तपासल्याशिवाय तो शब्द ऐकून घेत नसे. इथे बापाच्या किडनीचा प्रश्न होता, आणि थाळीत टण्णकन आवाज झाला एवढ्यावर त्याने 'चूक दुरुस्त' असा शेरा मारून टाकला होता.

नानांनी ताटलीतले तिन्ही खडे उचलून फडक्यात बांधले. मग उठले. "बाई, चला माझ्यासंगं."

मंडपात पुढच्या भक्ताला पालथं झोपवलं होतं. महाराज तीर्थ घेऊन नुकतेच मौनात गेले होते. नाना थेट मंचावर चढले.

"महाराज, परत दुखतंय. अजून एक काढा. पर आधी आ करा."

"महाराजांचं मौन आहे!" शिष्य धावला.

"मी कुठं बोला म्हणतोय? नुसतं आ करा. डाक्टरपुढं आम्ही करतो न्हवं?"

महाराजांनी जोरजोराने मान हलवली. डावा गाल फुगलेला होता. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "महाराज, आ करा!" मग दुसरं, तिसरं. सकाळपासूनची उपाशी रांग एका सुरात ओरडू लागली. महाराजांनी चारी दिशांना पाहिलं, डोळे मिटले, आणि घटकन गिळलं.

"गिळला!" द्वारकाबाई म्हणाल्या. "आता ह्यांचा कोण काढणार?"

शिष्याच्या हातातला कमंडलू त्यांनी हिसकून घेतला आणि पालथा केला. तीर्थासोबत सात-आठ पांढरे खडे मंचावर गडगडले. सगळी विद्या एवढीच होती : शिष्याने तीर्थाबरोबर खडा द्यायचा, महाराजांनी तो गालात धरायचा, नळी ओढायची आणि थुंकायचा. बोलल्यास खडा दिसेल, म्हणून मौन. शेजारी ठेवून पाहिल्यास सगळ्यांचे सारखे निघतील, म्हणून फडकं.

आता सगळीकडे फडकी सुटू लागली. कोथरूडचा खडा, हडपसरचा खडा, लोणी काळभोरचा खडा, सगळे सख्खे भाऊ निघाले. "परस्त्रीच्या मत्स्यगंधाने विद्या भ्रष्ट झाली!" असं महाराज मौन सोडून ओरडले, पण तोवर आयोजकांनी पोलिसांना फोन केला होता. रांगेतले पंधरा-वीस जण तरीही हलले नाहीत. त्यातले एक गृहस्थ फणकारून म्हणाले, "हे सगळं आमचा नंबर झाल्यावर नसतं का करता आलं?"

नानांनी माइक उचलला. "मंडळी, मी अडाणी न्हाई, बारावी शिकल्यालो हाय, तरी फसलो. का? तर भ्यालो. भ्यालेल्या माणसाला जे ऐकायचं असतं, तेच हे लोक ऐकवतात. तुमचं दुखणं खरं हाय, खडाबी खरा हाय, पर तो अजून पोटात हाय. कुणी काढला म्हणलं तर आधी त्याचं तोंड बघा, मग मशिनीत आपलं पोट बघा. देवाला राग येत न्हाई बघितल्यानं. राग येतो तो चोराला."

खाली उतरून त्यांनी रविराजकडे पाहिलं. "भ्या वाटतंयच. पर लाव फोन."

रविराजने नंबर फिरवला. ती वेळ दुसऱ्या कुणाला दिली असेल तर पुढची तारीख कधीची मिळेल, कोण जाणे.

"आपण मघाशी रद्द केलंत," बाई म्हणाल्या.

"हो."

"आता परत हवंय."

"हो."

"का? खडा परत आत गेला?"

"बाहेर आलाच नव्हता."

"ते आम्हाला माहीत होतं. नाव खोडलेलं नाही. उद्या सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. आणि साहेब, पुन्हा कुणी खडा काढून दिला, तर आम्हाला खडा दाखवू नका. पेशंट दाखवा."