ऑक्टोबरची तपासणी

"पुलावर पानं साचली, ओल धरली आणि तुळई कुजली," गावसभेचे अध्यक्ष म्हणाले. "वॉल्टर, साफसफाई तुमच्याकडे होती ना?"

ऐंशी वर्षांचे वॉल्टर उभे राहिले. गावाबाहेरचा तो छपराचा जुना लाकडी पूल तीस वर्षं ते हौसेने झाडत आले होते.

"होती. मला दिसलं नसेल," एवढंच बोलून ते बसले.

मागच्या रांगेत सुलेखाने मान वर केली नाही. पुलांची तपासणी हे तिचं बावीस वर्षांचं काम. ऑक्टोबरमध्ये ती इथे आली तेव्हा पाऊस होता, गुडघा ठणकत होता. ओढ्यात उतरून तुळईचं टोक टोचून बघायचं, तेवढं तिने टाळलं. गाडीत बसून मागच्या रिपोर्टातला शेरा उतरवला: लाकूड ठीक. मार्चमध्ये पूल एका अंगाने वीतभर खचला. त्याच्या दहाच मिनिटं आधी शाळेची व्हॅन त्यावरून गेली होती.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. जगन्नाथने लॅपटॉप मिटला.

"कोणाला लागलं नाही ना? मग सोड यार. त्या म्हाताऱ्याला कोण शिक्षा करणार आहे? तुझं मात्र लायसन्स जाईल."

तिलाही ते पटलं. पटलं याचीच तिला जास्त लाज वाटली.

आठवड्याने ती वॉल्टरच्या दारात उभी राहिली. त्यांनी कॉफी ओतली, कपाभोवती थोडी सांडली.

"मुलाने गाडीची चावी काढून घेतली," ते म्हणाले. "म्हणतो, बाबा, तुम्हाला आता दिसत नाही. पानं मी काढली होती असं मला आठवतं. पण आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

"तुम्ही काढली होती," सुलेखा म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये मी आले तेव्हा पूल स्वच्छ झाडलेला होता. लाकूड आतून कुजत होतं. ते बघणं माझं काम होतं. मी खाली उतरलेच नाही."

वॉल्टरनी सांडलेली कॉफी पुसून काढली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"हे मला एकट्याला सांगून काय उपयोग?" ते शेवटी म्हणाले. "माझा मुलगा त्या सभेत होता."

पुढच्या सभेत तिने हात वर केला. वॉल्टर आले नव्हते, त्यांचा मुलगा दाराशी उभा होता. तिने सगळं सांगितलं, फक्त पाऊस आणि गुडघा या सबबी वगळल्या. कुठेतरी खुर्ची करकरली.

टिपणं घेणाऱ्या बाईंनी चष्मा सारखा केला. "नाव काय लिहू?"

इथल्या लोकांना तिचं नाव जमत नसे, म्हणून ऑफिसात सगळे तिला 'सू' म्हणत, आणि तिनेही कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"सुलेखा," ती म्हणाली. बाईंचं पेन अडलं. मग तिने एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, त्यांचं लिहून होईपर्यंत थांबत.