उभ्यानं ऐकायचं गाणं

मेधा आमच्याकडं आली ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दुपारी. अंबूताई आत जरा आडवी झाली होती. अंबूताई म्हणजे माझी थोरली बहीण, मेधाची अज्जी आणि तिची गाण्यातली पहिली गुरू. मेधानं स्वयंपाकघरातून स्वतःच पाणी घेतलं आणि माझ्या खोलीत येऊन पुस्तकांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसली. टीव्हीवर दिसते तशी ती मुळीच दिसत नव्हती. मी ग्रंथपाल असताना कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासमोर बसून अभ्यासाच्या नावाखाली झोपणारी मुलगीच दिसत होती.

मी तिच्यासाठी तयारी केली होती. रॉक संगीताच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक मागवून महिनाभर वाचलं होतं. त्यातलं काहीतरी बोलावं असं फार मनात होतं, पण ती समोर बसल्यावर एक वाक्य सुचेल तर शपथ. मी चहाचं विचारलं.

ती म्हणाली, "सुधीअज्जा, मला भीती वाटायलीय."

तिच्या बँडचं नाव 'रायापूर'. रायापूरला हुबळी रोडवर एका गोदामात ही मुलं सराव करायची, म्हणून ते नाव. मेधा गाते आणि गिटार वाजवते, ड्रमवर लोकेश, आणखी दोघं आहेत. कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत गातात. आता बंगळूर, पुणे, कुठं कुठं त्यांची गाणी पाठ असलेली पोरं आहेत, आणि उद्या हुबळीच्या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्यांचा कार्यक्रम होता. गाव सोडल्यानंतरचा इथला पहिलाच. सगळी तिकिटं संपली होती. मग भीती कसली, ते मला कळेना.

तिनं सांगितलं ते असं. गाव सोडण्याआधी धारवाडात एका सभागृहात ते वाजवायला बसले होते. बसले म्हणजे उभेच होते, बसले होते ते लोक. शेवटपर्यंत हाताची घडी घालून ऐकलं, दोन्ही तळहात जेमतेम टेकतील अशा टाळ्या वाजवल्या, आणि नंतर एकामागून एक येऊन तिचा निषाद कमी लागतो म्हणून सांगून गेले. त्यानंतर ते बंगळूरला निघून गेले. आता सगळीकडं त्यांच्या शेवटच्या गाण्याला लोक उभे राहतात, नाचतात, बरोबर गातात.

"परक्या गावात पडलो तर काही वाटत नाही," ती म्हणाली. "पण उद्या इथं लोक बसून राहिले ना अज्जा, तर मी इथं परत गाणार नाही. लोकेशलापण सांगितलंय."

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "राहतील की उभे." ते इतक्या हळू म्हणालो की तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. जाताना तिनं घरच्या मंडळींसाठी पासांचं पाकीट दिलं आणि सगळ्यांत चांगली जागा आहे, स्टेजच्या अगदी पुढ्यात, असं बजावून सांगितलं.

अंबूताईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे रात्रभर ठरवत राहिलो. अंबूताईचं मत साऱ्या घराला ठाऊक होतं. गाणारा बसून गातो आणि ऐकणारा बसून ऐकतो. उभं राहून होतं ते भाषण.

दुसऱ्या दिवशी टेम्पो करून आम्ही धारवाडहून निघालो. आमच्या घरची, शेजारची, अंबूताईच्या शिकवणीला येऊन गेलेल्या बायका, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. अंबूताईनं बरोबर मोठी सतरंजी घेतली होती. धारवाडात कुणाच्याही गाण्याला जाताना ती आपली सतरंजी घेऊन जात आली आहे. दुसऱ्याच्या बैठकीवर बसून तिला गाणं लागत नाही. शिवाय चुरमुऱ्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि कापूस. कापूस मीच आणला होता. आवाज फार मोठा असतो असं त्या पुस्तकात होतं. टेम्पोतच मी सगळ्यांच्या हातावर बोळे ठेवले आणि मंडळींनी ते निमूटपणे कानात घातले.

स्टेडियममध्ये आमची जागा खरोखरच अगदी पुढं निघाली. लोखंडी कठड्याच्या आत नुसती मोकळी फरशी होती. खुर्ची एकही नाही. मी एका स्वयंसेवक मुलीला गाठून खुर्च्यांचं विचारलं. ती म्हणाली, इथं खुर्च्या नसतात अंकल, इथं सगळे उभे असतात. मी मागं वळून पाहिलं. अंबूताई एका हातानं गुडघा चोळत होती. पुढचे दोन तास तिला उभं राहणं शक्य नव्हतं. दोन्हीकडचा विचार करायला वेळ मिळाला असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मी सतरंजी पसरली.

बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, अशी आमची मंडळी रांगेनं मांडी घालून बसली. चुरमुऱ्यांचा डबा फिरू लागला. आमच्या शेजारी हुबळीची मंडळी होती, लोकेशच्या घरची. त्याची आई चंपाबाई, तिच्या जावा, पुतणे. बायकांनी निळ्या काठाच्या साड्या नेसल्या होत्या. चंपाबाईंना मी एकदाच भेटलो होतो. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, आपापसात काही बोलल्या आणि त्याही बसल्या. मग आमच्यामागं कॉलेजची पोरं आली. समोर एवढी म्हातारी माणसं मांडी घालून बसलेली पाहून ती जरा घुटमळली. थोरांच्या डोक्यावर उभं राहून कसं ऐकायचं, असं वाटलं असेल. तीही बसली. त्यांच्या मागचे दिसत नाही म्हणून बसले. बघता बघता कठड्यापासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं मैदान मांडी घालून बसलं.

मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. किती शिस्त, असं मी शेजारच्या पांडुरंगरावांना म्हणालोसुद्धा.

मग दिवे गेले, पुन्हा लागले, आणि मेधा स्टेजवर धावत आली.

धावत आली आणि थबकली. क्षणभरच. समोर काय पाहून थबकली ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आदल्या दिवशीचं तिचं वाक्य मला अक्षरशः पुन्हा ऐकू आलं, आणि कापूस असूनही ड्रमचा पहिला ठोका पोटात बसला.

गाणी चांगली होती. मला त्यातलं किती कळतं हा प्रश्नच आहे, पण चांगली होती. आणि लोक ऐकत होते. अंबूताईचा हात मांडीवर ताल धरून होता. आमच्या बायका समेवर बरोबर मान हलवत होत्या. मागून एकदा कुणीतरी 'वा' म्हणालं. पण तिथं वर, एवढ्या झगझगाटात उभ्या असलेल्या मुलीला मांडीवरची बोटं कुठून दिसणार? तिला दिसत होतं ते एवढंच, की गाव बसून आहे.

एकेका गाण्यागणिक तिचा आवाज आवळत चालला. लहानपणी अंबूताईपुढं चूक झाली की असाच आवळायचा. दोन गाण्यांच्या मधे ती पाणी प्यायली आणि लोकेशकडं बघून तिनं नुसती मान हलवली. मग माइकवर येऊन म्हणाली, "एळ्री हुबळी! उठा की!"

टाळ्या पडल्या. कुणी उठलं नाही.

अंबूताई माझ्या कानाशी वाकली. "कुणाला उठवायलीय ती?"

"सगळ्यांनाच," मी म्हणालो. पण तिच्या कानात कापूस होता.

अंबूताईच्या पलीकडून पुढं सरकून चंपाबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. "अण्णा, उठायचं हाय का?"

मी म्हणालो, तुम्हाला उठायचं असेल तर उठा की.

"तुम्ही बसलात म्हणून आम्ही बसलो," त्या म्हणाल्या. "चौदा एप्रिलला, जयंतीला, आम्ही रेल्वे वर्कशॉपपासून पार चौकापर्यंत नाचत जातो. लोकेश माझ्या कडेवर असताना नाचलेय मी. पण म्हटलं, ही अंबूताईंची माणसं, गाण्यातली. त्यांच्यात असंच असंल."

माझ्यामागं सगळं स्टेडियम मी पसरलेल्या सतरंजीमुळं बसलं होतं. आणि मला स्वतःला उभं राहायची सवय नाही. निवृत्तीच्या निरोपालासुद्धा मी चार ओळी बसूनच वाचल्या होत्या. शाळेत हजेरीला 'हजर'सुद्धा मी अर्धवट उठूनच म्हणायचो. इतक्या लोकांसमोर, अगदी पहिल्या रांगेत, मी एकट्यानं उठायचं आणि कुणीच उठलं नाही तर? मग बसायचं तरी कसं?

मेधानं शेवटचं गाणं सांगितलं. तिचा आवाज अगदी साधा झाला होता, निरोप घेताना होतो तसा.

मी उठलो.

म्हणजे उठायला लागलो. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून आधी पांडुरंगरावांच्या खांद्याचा आधार घेतला आणि मग कठड्याचा. उभा राहिलो तर पाठीवर हजारो डोळे टोचायला लागले. मागून एक पोरगा ओरडला, "अज्जा, कुंदर्री! काणवल्दु!" बसा, दिसत नाही. रीतसर आदराचा 'री' लावून सांगत होता बिचारा. त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की माझे गुडघे आपोआप वाकले.

पण तेवढ्यात अंबूताईनं मला पाहिलं. ती आधी चमकली. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, चुरमुऱ्यांचा डबा बाजूला सारला आणि माझ्यापुढं हात केला.

"हात दे," ती म्हणाली. "सांगायचं नाही का? सगळी बसलीत तशीच."

एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं चंपाबाई, असं आम्ही तिला उभं केलं. उभी राहिल्यावर तिनं आमचे हात सोडले, पाय जुळवले, दोन्ही हात अंगासरशी ताठ सोडले आणि समोर पाहत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटलं होतं, कार्यक्रमाचा शेवट, सुधीसारखा माणूस उभा राहतोय, म्हणजे राष्ट्रगीतच. दुसरं काय असणार?

अंबूताई उठली म्हटल्यावर तिच्या शिकवणीच्या सगळ्या बायका उठल्या. एकमेकींना हात देत, गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत. पुरुष उठले. आमच्या म्हाताऱ्यांना उठताना त्रास होतोय हे पाहून मागची पोरं आधार द्यायला उठली, आणि ती उठल्यावर त्यांच्या मागच्यांना काही दिसेना, म्हणून तेही उठले. मी मान वळवून बघत होतो. पार मागच्या भिंतीपर्यंत मैदान उठत गेलं.

आमची रांग तेवढी सावधान उभी होती.

मेधानं तोंड उघडलं आणि गाण्याची पहिली ओळ तिच्या तोंडून आलीच नाही. ती अंबूताईकडं बघत होती. लोकेशनं ड्रमवर तेवढंच आवर्तन पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती आली, बरोबर समेवर. चंपाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्यांच्या निळ्या काठाच्या सगळ्या बायका सतरंजीवर नाचायला लागल्या. मागची पोरं गात होती, कन्नड कडवंही आणि मराठी कडवंही.

थोड्या वेळानं अंबूताईनं माझ्याकडं तोंड वळवलं. "सुधी, हे जन-गण-मन नाही."

"नाही," मी मान हलवली.

"मग तू उठलास कशाला?"

या वेळी मी तिच्या कानाजवळ जाऊन बोललो, तिला ऐकू जाईल असं. "मेधाला वाटलं, गावाला तिचं गाणं नको आहे. सगळे बसलो होतो म्हणून. म्हणाली, लोक उठले नाहीत तर परत इथं गाणार नाही."

अंबूताईनं वर मेधाकडं पाहिलं. खाली सतरंजी होती. बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, आणि तिचा गुडघा दुखत होता हे मला कळत होतं. मी विचारलं, "बसतेस?"

"वेडी आहे पोरगी," ती म्हणाली. "ऐकत होते की मी." मग म्हणाली, "हे असं वरनं तिला काय दिसणार म्हणा."

तिनं एका कानातला कापूस काढला, माझ्या हातावर ठेवला आणि ताठ सोडलेला उजवा हात वर उचलला. मला वाटलं, नातीला हात करतेय. पण तिनं डाव्या तळहातावर ताल द्यायला सुरुवात केली. शिकवणीत द्यायची तसा, मोठा, स्पष्ट, साऱ्या खोलीला दिसेल असा. टाळी, टाळी, खाली, टाळी. तिच्या बायकांनी ते पाहिलं आणि त्यांचेही हात वर आले. मग मागच्या पोरांना ते दिसलं. त्यांना खाली, ती बिनटाळीची मात्रा, कुठं येते ते कुठून कळणार? ती नुसत्याच टाळ्या वाजवत होती, पण हात सगळ्यांचेच वर होते.

मेधा स्टेजच्या कडेपर्यंत आली. अज्जीच्या हाताकडं पाहत, त्या तालावर तिनं शेवटचं कडवं पुन्हा घेतलं, आणि मग आणखी एकदा. तिचा आवाज सुटला होता. वर, तारसप्तकात, ती एका सुरावर थांबली.

अंबूताईनं दुसऱ्याही कानातला कापूस काढून मला दिला.

"निषाद?" मी भीत भीत विचारलं.

"गप रे," ती म्हणाली. "ऐकू दे."

मी कापसाचे दोन्ही बोळे मुठीत धरून उभा राहिलो.