सुकाणूचं कापड

आपण विमानं शिवत होतो, असं हिरामण टेलरनं पांढुर्ण्याच्या बाजारात एकदाच सांगितलं. लोक हसले. त्यानंतर तो त्या विषयावर कुणाशी बोलला नाही, बायको पुष्पाशीही नाही.

खरं तर तरुणपणी बारा वर्षं तो नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर, विमानदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होता. डाकोटा विमानाचं अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू सुती कापडानं मढवलेलं. ते कापड ताणून शिवायचं आणि वरून उग्र वासाचा लेप द्यायचा. वाळलं की ढोलकीसारखं वाजायचं. पुढे डाकोटा सेवेतून गेल्या, कारखाना बंद झाला आणि हिरामण गावी येऊन ब्लाऊज शिवू लागला.

१९८६च्या फेब्रुवारीत तसलीच एक डाकोटा नागपूरहून पांढुर्ण्यात आली. पंख ट्रकवर, धड लांबलचक ट्रेलरवर. दूरच्या एका संग्रहालयात चालली होती. विजेच्या तारा आडव्या आल्या म्हणून ट्रेलर गावाबाहेर थांबला. वायरमन येईपर्यंत अर्धं गाव तिथं जमलं. हिरामणही पुष्पाला घेऊन गेला.

वाटेत बाभळीची फांदी लागून सुकाणूचं कापड हातभर फाटलं होतं. हिरामण बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग दुकानात जाऊन सुई, मेण लावलेला दोरा आणि मांजरपाटाचा तुकडा घेऊन आला.

ट्रेलरसोबत संग्रहालयाच्या अनुराधाबाई होत्या. हे विमान आता उडायचं नाही, कापडाचं तिकडे पोचल्यावर बघू, असं त्यांनी समजावलं.

"उडणार नाही, हे मलेबी समजते, मॅडम," हिरामण म्हणाला. "पण असं फाटक्या अंगानं चाललं, ते मले पाहवत नाही."

बाईंनी शिडी लावायला सांगितली आणि स्वतः ती धरून उभ्या राहिल्या. हिरामणनं आधी फाटलेल्या कडा जुळवल्या, मग टाका बसू लागला. दर चार बोटांवर एक गाठ. खाली कुणीच हसत नव्हतं.

काम झाल्यावर बाईंनी विमानाचं दार उघडून दिलं. नवराबायको आत चढले. खुर्च्या नव्हत्याच, दोघं जमिनीवरच बसले.

"तुम्ही यातून कधी उडले काय जी?" पुष्पानं विचारलं.

"एकडाव. सुकाणू नवं मढवलं होतं. साहेब म्हणे, आपल्या शिलाईवर भरवसा असंन तं बस."

"भेव नाही लागलं?"

"लागलं ना. खाली सारं नागपूर दिसून राहिलं होतं, अन् मी मनात गाठी मोजून राहिलो होतो."

पुष्पा हसली. असलं काही त्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

वायरमननं तारा उचलून धरल्या, तेव्हा ट्रेलर हळूहळू मुलताईच्या दिशेनं निघाला. वळणाआड शेपूट दिसेनाशी होईपर्यंत दोघं उभे होते. दुकानात दोघी बाया ब्लाऊजसाठी खोळंबल्या होत्या. हिरामणनं त्यांना उद्या यायला सांगितलं, पुष्पासाठी स्टूल ओढलं आणि सोनेगावचा पहिला दिवस सांगायला घेतला.