तिसऱ्या रांगेतली डावीकडून दुसरी

मित्रांनो, मी सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा जुना प्रोजेक्टर. जन्मलो कारखान्यात, पण वाढलो एका ग्रंथालयाच्या वरच्या दालनात. अंगाने लोखंडी, आवाजाने खडखड्या. पण माझ्यातून भिंतीवर जे उतरायचे ते पिसासारखे हलके असायचे.

ते होते बॅले नृत्याचे जुने कृष्णधवल चित्रपट. ग्रंथालयात पुस्तके बांधणारे बाइंडरकाका मला चालवत. दर रविवारी सकाळी ते जाड पडदे ओढून घेत, माझ्या दातेरी चाकांवर फिल्म चढवत, आणि भिंतीवर मुली चवड्यांवर उभ्या राहत. एक पोस्टमन न चुकता यायचा. "दिवसभर चालून माझे पाय दुखतात, या पोरी तर बोटांवर चालतात," तो हळहळायचा. लोक माझ्याकडेही कौतुकाने बघत. मी फुशारून जाई.

मग घरोघरी टीव्ही आला. खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या आणि माझ्यावर कापड पडले. वर्षे गेली.

एका सकाळी कापड निघाले. समोर काका होते, पार पिकलेले. सोबत शिवणकाम करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांची नर्स असलेली मुलगी.

"या चित्रपटात मी नाचलेय," बाई फिल्मच्या एका डब्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी."

"लहानपणापासून ऐकतेय," मुलगी हळूच काकांना म्हणाली. "खरं सांगू, मला कधी पटलं नाही."

फिल्म पापडासारखी कडक झाली होती. काकांनी तिचे तुटके सांधे पुस्तकाच्या पानासारखे जपून जोडले. मला तेल दिले. मी जीव मुठीत धरून चालू लागलो.

भिंतीवर चोवीस मुली आल्या. सगळ्यांचे झगे सारखे, केस सारखे. चार सेकंदांत तिसरी रांग निघून गेली.

"ही काय मी!" बाई म्हणाल्या. "थांबवा ना जरा."

"थांबवलं तर दिव्याच्या आचेनं फिल्म जळेल, ताई," काका म्हणाले. "पुन्हा दाखवतो. हवं तितक्यांदा."

त्यांनी फिल्म हाताने मागे गुंडाळली. पुन्हा चार सेकंद. पुन्हा मागे. माझ्या प्रत्येक दाताला भीती वाटत होती, की आता तुटली तर आपल्यामुळे तुटेल.

सहाव्या वेळी मुलगी पुढे झुकली. "आई, सगळ्या उजवीकडे वळल्या आणि तू डावीकडे?"

"चुकले होते गं. खूप बोलणी बसली तेव्हा."

मुलगी हसता हसता रडू लागली. तिने आईचा सुजलेला गुडघा हळूच चोळायला घेतला. "एवढी वर्षं खरंच सांगत होतीस," ती म्हणाली.

त्यानंतर ती फिल्म आखडली. तिची भोके माझ्या दातांत बसेनात. बाईही आता नाहीत.

मित्रांनो, मला कोणी पुसले, तेल घातले तर बरेच वाटेल. पण मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरी जुन्या फिल्मचा, फोटोंचा डबा असेल तर तो आजच उघडा, आणि घरातल्या थोरांना शेजारी बसवून विचारा, यात कोण कोण आहे. मी माणसे दाखवू शकतो. त्यांची नावे मला ठाऊक नसतात.